कापून नेलेले हात

१

तिन्ही फोटोंतली माणसं शाबूत होती. नव्हते ते फक्त त्यांचे हात.

माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवून पुडीबाई जमिनीवर फतकल मारून बसली होती. पहिल्या फोटोत तिचे आजेसासरे खुर्चीत ताठ बसलेले, मिशा पिळलेल्या, चेहरा करारी, आणि मांडीवर जिथे हात असायला हवेत तिथे चौकोनी भोक. दुसऱ्या फोटोत तेच आजेसासरे बायकोशेजारी उभे. बायकोचे हात जागच्या जागी, त्यांचे गायब. तिसऱ्यात सासरे होते, मागच्या खोलीत खिडकीपाशी घड्याळं दुरुस्त करायला बसलेले. भिंग होतं, उघडलेलं घड्याळ होतं, हात तेवढे नव्हते. त्या भोकातून पुडीबाईला स्वतःचीच बोटं दिसली आणि तिने फोटो घाईघाईने खाली ठेवला.

पुडीबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती दवाखान्यात औषधं बांधून द्यायची, म्हणून सगळे तिला तसं म्हणत. "मी पुड्या बांधते, सोडत नाही," असं ती स्वतःच हसत सांगायची. हल्ली मात्र तिचं हसणं आटलं होतं. वर्ष होत आलं, नवऱ्याचे हात थरथरत होते. नवरा घड्याळजी. ज्या हातांनी तो केसाएवढी स्प्रिंग बसवायचा, त्या हातांतून आता चहाचा कप बशीवर खडखड वाजायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं आणि एकच प्रश्न विचारला, "घरात मागे कुणाला होतं का हे?"

नवरा म्हणाला, नाही. सासूबाई म्हणाल्या, नाही. थोरली नणंद, तिला पुडीबाई वन्सं म्हणायची, तीही म्हणाली, कुणालाच नाही. तिघांनी इतक्या पटकन आणि इतकं सारखं उत्तर दिलं, की पुडीबाईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. म्हणून ती नवऱ्याच्या मागच्या पिढ्या शोधायला निघाली होती. आणि तिच्याआधी कुणीतरी त्या पेटीपर्यंत पोचलं होतं. कापलेल्या कडा पांढऱ्याशुभ्र होत्या. म्हणजे काम ताजं होतं, आणि घरातलंच होतं.

"आई," दारातून लेकीचा आवाज आला. चिमी शाळेची वही छातीशी धरून उभी होती. "बाई रागावल्या. म्हणाल्या, रेघा अशा नागमोडी का काढतेस?"

"मग नीट काढायच्या."

"मी नीटच काढते गं. हातच ऐकत नाही."

२

 पोरीसमोर पुडीबाईने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. वही बाजूला ठेवली आणि तडक मागची खोली गाठली.

ती खोली म्हणजे नवऱ्याचं साम्राज्य. खिडकी बारा महिने बंद, कारण धुळीचा एक कण घड्याळात गेला की केलेलं काम मातीमोल. खाली जुन्या फळ्यांची जमीन, टेबलाखाली कोळशाची शेगडी. घरात सगळ्यांत ऊबदार खोली तीच, म्हणून थंडी सुरू झाल्यापासून चिमीचं अभ्यासाचं टेबलही तिथेच कोपऱ्यात मांडलं होतं.

"अहो, हे तुम्ही कापलंत?" पुडीबाईने फोटो त्याच्यासमोर धरले.

नवऱ्याने पाहिलं आणि तो पांढराफटक पडला. मग चिडला. अलीकडे तो असाच एकदम चिडायचा, पूर्वी साधा आवाज न चढवणारा माणूस. "मी? मला दुसरे उद्योग नाहीत?" त्याने तिच्या देखतच कात्री उचलली, एक जुनी पावती घेतली आणि कापू लागला. कात्री कागदावर नाचली. जी कड निघाली ती उंदराने कुरतडल्यासारखी होती.

"पटलं? आता जा."

पुडीबाईने फोटोतल्या भोकांकडे पाहिलं. कडा सुरीने ओढल्यासारख्या सरळ, चारही कोपरे काटकोनात. हे या हातांचं काम नव्हतंच. नवऱ्यावर संशय घेतल्याची तिला लाज वाटली, आणि कात्री खाली ठेवताना त्याचे डोळे भरून आलेले पाहून जास्तच वाटली.

"तुमच्या बाबांचे हात थरथरायचे ना?" तिने हळूच विचारलं.

त्याने पावतीचे तुकडे गोळा केले. "शेवटी शेवटी मला चिमटा धरायला लावायचे. स्वतःच्या हाताकडे बघून शिव्या द्यायचे. शेवटी आम्हालाही ओळखेनासे झाले." मग तो म्हणाला, "डॉक्टरांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, रक्तातलं आहे. मला ते ऐकायचं नव्हतं. कारण मग चिमी..."

पुढचं वाक्य त्याने गिळलं. टेबलावरची दहाबारा घड्याळं टिकटिकत राहिली, आणि कोपऱ्यात चिमीची पेन्सिल पडलेली होती.

३

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी फोटो बोटांनी चाचपला, आणि अंगठा भोकातून आरपार गेला तशा त्या चटका बसल्यासारख्या किंचाळल्या.

"कुणी केलं हे? कुठे गेले मामंजींचे हात?"

ज्यांना फोटोत काय आहे हेच दिसत नाही, त्या मोजून हात कापणार कशा? पुडीबाईने त्यांचंही नाव मनातल्या मनात खोडलं. पण सासूबाईंना माहीत खूप होतं, आणि तोंडाला कुलूप होतं.

"आई, चिमीचा हात हलायला लागलाय," पुडीबाई म्हणाली. बस, तेवढ्याने कुलूप निघालं.

"मामंजी आरशांच्या कारखान्यात होते," सासूबाई सांगू लागल्या. "दोघं भाऊ तिथेच. मामंजी काचेला मागून मुलामा द्यायचे, धाकटे पेंढा घालून खोक्यांत आरसे भरायचे. कारखाना बंद पडला तसा मामंजींनी घरीच धंदा मांडला, मागच्या खोलीत. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा त्यांना घास भरवायला लागायचा. चमचा तोंडापर्यंत पोचायचा नाही बाई. मग तेच तुझ्या सासऱ्यांना आलं. आता याला."

"आणि धाकट्या आजोबांना?"

"त्यांना काय धाड भरली होती! चांगले म्हातारे होऊन गेले, शेवटपर्यंत सुईत दोरा ओवायचे. त्यांच्यावरून उतरलं आणि आमच्यावर बसलं. नशीब एकेकाचं." सासूबाईंनी नाक पुसलं. "हल्ली सगळंच वाईट चाललंय. परवा चिमीचं सोन्याचं डूल फळीच्या फटीत पडलं, तिने आकड्याने उकरून काढलं तर म्हणाली, पांढरं पडलंय. मेल्या सोनाराने फसवलं आपल्याला. चिमीचा हात धरून गेले आणि चांगली खरडपट्टी काढून आले त्याची."

पुडीबाईचं डुलाकडे लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून रजा घेऊन ती जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवतात त्या कचेरीत गेली. कारकुनाने कपाटातून जाडजूड बाडं काढून दिली आणि तो जांभया देत बसला. तिने फक्त आपल्या घरचं आडनाव शोधलं. आजेसासरे, मृत्यूचं कारण कंप. सासरे, मृत्यूचं कारण कंप आणि भ्रम.

दोघेही जाताना जेमतेम पन्नाशीचे होते. तिचा नवरा चव्वेचाळीसचा होता.

४

आरशांच्या कारखान्याचे फोटो काढायचा तो एकच स्टुडिओ. आता तिथे नातू बसायचा, तोही म्हातारा झालेला. भिंतीवर जुन्या फोटोंची रांगच होती. पुडीबाईने कारखान्याचं नाव घेताच फोटोवाल्याने एका चौकटीकडे बोट दाखवलं आणि त्याचाच चेहरा पडला.

"ताई, आता काय सांगू. चौकट जुनी झाली म्हणून हा मढवायला बाहेर दिला होता. परत आला तो असा. मी नीट पाहिलाच नाही, तसाच टांगला."

डावीकडून दुसरे, मिशा पिळलेले तिचे आजेसासरे उभे होते, आणि त्यांच्या पोटाशी एक सुबक चौकोनी भोक होतं. काच मळलेली, फोटो उडालेला. बाकीची माणसं म्हणजे नुसते करडे ठिपके.

 घरची पेटी ठीक, पण इथवर पोचलं कोण?

"याची मूळ काच असेल का हो?"

"काच जाते कुठे!" फोटोवाला आत गेला आणि एक काळसर काच घेऊन आला. त्याने ती खिडकीच्या उजेडापुढे धरली. उलटी छबी होती ती, चेहरे काळे, कपडे पांढरे. पुडीबाईने श्वास रोखून मिशा शोधल्या, मग हात शोधले. हात नव्हतेच. त्या जागी धुरासारखा एक फराटा होता.

"हे असं का?"

"आजोबा सांगायचे, तेव्हा कॅमेऱ्याचं झाकण काढून आकडे मोजायला लागायचे. तेवढा वेळ माणसाने दगड व्हायचं. जो हलला तो पुसला," फोटोवाला म्हणाला.

चेहरा रेखीव, हात पुसलेले. माणूस सगळा स्थिर होता आणि हात तेवढे थरथरत होते. म्हणून ते कुणीतरी कापून नेले होते. ते भीतीचे पुरावे होते, आणि कुणीतरी पुरावे गोळा करून लपवत होतं. पुडीबाईने त्या काचेवरून नवा फोटो मागवला, तो उद्या मिळणार होता. पायरी उतरताना ती थबकली.

"मढवायला कुणाकडे दिलं होतं?"

"पुलाजवळचा छापखाना आहे ना, तिथे. आमची आल्बमं बांधणारी एक बाई आहे. फार सफाई हो तिच्या हाताला."

पुलाजवळच्या छापखान्यात पुस्तकं बांधायचं काम वन्सं करायच्या.

५

वन्संच्या टेबलावर पोलादी पट्टी होती, खळीचं भांडं होतं, आणि एक सुरी होती. पुडीबाई आली तेव्हा त्या कागदांचा गठ्ठा कापत होत्या. सुरी पट्टीला लागून एका दमात खालपर्यंत आली. कड पांढरीशुभ्र, कोपरा काटकोनात.

पुडीबाईने हात नसलेला फोटो गठ्ठ्यावर ठेवला. वन्संनी सुरी खाली ठेवली नाही. यंत्रांच्या खडखडाटात त्या सुरीकडे पाहताना पुडीबाईला, खोटं कशाला बोला, क्षणभर आपल्याच नणंदेची भीती वाटली.

"तू पेटी काढणार हे मला कळलं होतं," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टरने ते हात पाहिले असते तर तो काय म्हणाला असता ते तुलाही माहीत आहे. मग तू पोरीला घेऊन माहेरी गेली असतीस. माझा भाऊ एकटा थरथरत मेला असता."

"वन्सं, मी त्यांना सोडून जाईन असं वाटलं तुम्हाला?"

"मी तुझ्या जागी असते तर गेले असते." मग आवाज खाली उतरवून त्या म्हणाल्या, "गेलेच की. मला मागणी आली होती. इथलाच जुळारी, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. माझ्याशी बोलताना त्याचे खिळे चुकायचे आणि मालक ओरडायचा. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. काय सांगणार होते? माझ्या पोटी जे येईल त्याचे हात असे हलतील म्हणून? त्याने दोन वर्षं वाट पाहिली आणि गाव सोडलं."

पुडीबाईने गठ्ठ्यावरचा फोटो उचलून घेतला.

"माझ्यात ते दिसत नाही एवढंच. आत असणारच," वन्सं म्हणाल्या. "चिमी मोठी झाली की तिलाही मीच सांगेन. तुला जमायचं नाही ते."

"चिमीला आत्ताच सुरू झालंय," पुडीबाई म्हणाली.

वन्संच्या हातातली सुरी टेबलावर पडली.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटोवाल्याने नवा फोटो दवाखान्यातच पोचता केला. पुडीबाईचं मन पाकीट उघडायला धजत नव्हतं. शेवटी औषधांच्या कपाटाआड जाऊन तिने फोटो काढला आणि उजेडात धरला.

आजेसासऱ्यांचे हात धुरासारखे. ते तर ठाऊकच होतं. पण नवा फोटो लख्ख होता, आणि तिची नजर शेजारच्या माणसावर गेली. त्याचेही हात पुसलेले. त्याच्या पलीकडच्याचेही. लांबलचक टेबलामागे उभ्या असलेल्या सगळ्याच्या सगळ्या माणसांचे चेहरे स्पष्ट आणि हात धूर झालेले! कुणी बुटका, कुणी उंच, कुणी सावळा, कुणी घारा. यांचा आणि तिच्या सासरच्या रक्ताचा काय संबंध?

तिने झटकन दुसरी बाजू पाहिली. पेंढ्याच्या खोक्यांपाशी मिशा पिळलेला एक तरुण उभा होता, आजेसासऱ्यांचंच नाक, तेच कपाळ. धाकटे आजोबा! सख्खा भाऊ, तेच रक्त. त्यांची दहाही बोटं मोजून घ्यावीत इतकी स्पष्ट होती.

म्हणजे हे रक्तातलं नव्हतंच. टेबलापाशी जो उभा राहिला त्याला ते झालं, खोक्यांपाशी जो राहिला तो वाचला. सगळ्या घराने आपल्याच माणसाचे हात पाहिले, तिनेसुद्धा. शेजारच्याचे पाहायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

आनंदाने ओरडावं असं तिला वाटलं, पण तेवढ्यात तिला घरचे आठवले. सासरे कधी कारखान्यात गेले नव्हते. नवराही नाही. चिमीने तर आरशांचा कारखाना डोळ्यांनीही पाहिला नव्हता. मग यांना कसं झालं?

फोटोतल्या टेबलावर एक मोठी काच होती, आणि एकजण जड भांडं दोन्ही हातांनी वाकडं करून तिच्यावर काहीतरी ओतत होता. ते पाण्यासारखं होतं पण पाण्यापेक्षा चमकत होतं. पुडीबाईला ती चमक ओळखीची होती. दवाखान्यात थर्मामीटर फुटला की डॉक्टर सगळ्यांना बाहेर काढायचे, खिडक्या सताड उघडायचे, शेगडी विझवायचे आणि स्वतः कागदाने त्या गोळ्या टिपायचे. हाताला लागण्यापेक्षा श्वासात गेलेला वाईट, आणि उबेत तो जास्त उडतो, असं ते दर वेळी बजावायचे. पारा! जुने आरसे पाऱ्याने करायचे.

आणि पारा सोन्याला लागला की सोनं पांढरं पडतं. सोनाराने काही फसवलं नव्हतं. डूल मागच्या खोलीत पडलं होतं. जिथे आजेसासऱ्यांनी घरचा धंदा मांडला, सासरे बसले, नवरा बसतो. खिडकी बंद, शेगडी चालू. वन्सं सकाळी छापखान्यात जातात, रात्री पुढच्या खोलीत झोपतात, त्या ठणठणीत.

शाळा सुटून गेली होती. चिमी या वेळी अभ्यासाला बसते.

पुडीबाई चपला न घालताच धावत सुटली. घरात शिरून तिने मागच्या खोलीचं दार ढकललं. नवरा गिऱ्हाइकाकडे गेलेला. शेगडी रसरसलेली. आणि तिची लेक शेगडीशेजारी पालथी पडून, गाल फळीला टेकवून, एका फटीत आकडा घालत होती.

"आई, बघ ना," ती मान न उचलता म्हणाली, "इथे खाली चांदण्या राहतात. टोचलं की पळतात."

७

सगळ्या खिडक्या उघडून, शेगडी विझवून पुडीबाईने चिमीला शेजारच्या घरी नेऊन ठेवलं. डॉक्टर तिच्यामागोमाग आले, निरोप मिळताच नवरा आणि वन्संही आले. त्यांनी सगळ्यांना दारापलीकडेच थांबवलं, नाकाला ओलं फडकं बांधलं आणि टेबलाखालची फळी उचकटली. धुळीत बारीक बारीक रुपेरी गोळ्या पसरल्या होत्या. एका खड्ड्यात त्यांचं वाटीभर तळं झालं होतं. उघड्या खिडकीतलं आभाळ त्यात दिसत होतं.

"सांडायचा तो," सासूबाई भिंतीला धरून म्हणाल्या. "मामंजी म्हणायचे, शोधत बसू नका, लाकूड पिऊन टाकेल."

लाकडाने तो प्यायला नव्हता, साठवून ठेवला होता. त्याच ठिकाणी बसून आधी सासरे झिजले, मग नवरा. पुडीबाईने फोटो, धाकटे आजोबा, डूल, शेगडी असं एकेक करून सगळं सांगितलं. घड्याळजी दाराच्या चौकटीत मटकन बसला. डॉक्टर म्हणाले, पोरीचं भरून निघेल, नुकतंच सुरू झालंय. त्याचं किती निघेल ते आज सांगता येणार नाही, पण खोली सुटली तर वाढणार नाही. तो लहान मुलासारखा रडला, आणि पुडीबाईने त्याला रडू दिलं.

 वन्सं नव्या फोटोवर वाकून एकेक हात बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यात काही नव्हतंच?"

पुडीबाईला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "नाही, वन्सं."

"कधीच?"

"कधीच नाही."

वन्सं उठल्या आणि पुढच्या खोलीतून बटणांचा डबा घेऊन आल्या. त्यात चार चौकोनी तुकडे होते. "जाळणार होते. पण हात जाळायचा धीर होईना," त्या म्हणाल्या. पुढच्या खोलीतच त्यांनी खळ कालवली, फोटोवाल्याकडून परत आणलेला जुना फोटो उलटा मांडला आणि आजोबांचे हात त्यांच्या जागी बसवायला घेतले.

चिमी शेजारून कधी परत आली ते कुणाला कळलंच नाही. ती आत्याच्या कोपराशी उभी राहून बघत होती. ज्या हातांनी कधी रेषा चुकली नव्हती, त्या हातांतला तुकडा भोकापाशी जाऊन पुन्हा पुन्हा बाजूला सरकत होता. वन्संना खळ दिसत नव्हती, कड दिसत नव्हती. डोळ्यांतलं पाणी फोटोवर पडू नये म्हणून त्यांनी मान मागे घेतली.

"आत्या, तुझा पण हात हलतोय," चिमी घाबरून म्हणाली.

"हो गं," वन्सं म्हणाल्या. "पण हा वेगळा आहे. जरा इकडून दाबून धर."

चिमीने आपली दोन बोटं कोपऱ्यावर ठेवली.